शेवाळाला कान नसतात

प्रिय घुम्या,

तुझं पत्र मिळालं. पाकीट फुगलेलं दिसलं म्हणून मी हावरटासारखी चष्मा शोधायला धावले, आणि आत निघाला घड्या घालघालून जाड केलेला अर्धा कागद. त्यावर मोजून चार ओळी. 'ताई, तू जिंकलीस. वर कोणी नाही. इतकी वर्षं मी रिकाम्या छताशी बोलत होतो. आता गाणं बंद, गायचं कुणासाठी?' खाली ना सही, ना माझ्या गुडघ्यांची चौकशी. मी पुन्हा एकदा वाचलं, चहा टाकला, आणि तो उतू जाऊन माझ्या पाठीमागे शेगडी विझली तरी मला पत्ता नाही. शेजारची मुलगी वास आला म्हणून धावत आली आणि मलाच दम देऊन गेली.

त्याआधी तुझ्या सूनबाईने मोबाइलवर लिहून कळवलं होतंच. 'आत्या, बाबा जेवतात, फिरायला जातात, नातवाला शाळेत सोडतात, सगळं करतात. पण गुणगुणत नाहीत. दाढी करतानासुद्धा नाही.' तू दाढी करताना गप्प आहेस असं चित्र मला डोळ्यांसमोर आणताच येईना. गालावर साबण, हातात वस्तरा आणि तोंडात हा एवढा लांब सूर. तुझी बायको, माझी नर्सबाई, मोरीच्या दारात येऊन म्हणायची, 'अहो, दोन्हीतलं एक काहीतरी करा, नाहीतर हॉस्पिटलात टाके घालून आले की घरी येऊन पुन्हा टाकेच घालायचे.' ती गेली, हे मला अजून रोज नव्याने कळतं. तुला किती वेळा कळत असेल ते मी विचारत नाही.

तर आधी त्या जिंकण्याचं बघू. अरे गाढवा, असं कुणी जिंकतं का? पोरवयापासून आपण एक दोरी ओढत आलो. तू म्हणायचास 'आहे', मी म्हणायचे 'नाही', आणि दोघांचे दंड चांगले भरले त्या ओढाताणीत. आता नर्सबाई गेल्यावर तू तुझं टोक सोडून दिलंस, आणि मी आपटले मागच्या मागे. याला जिंकणं म्हणत नाहीत. बूड शेकून निघणं म्हणतात. मला तुझा देव हरायला कधीच नको होता. मला फक्त जेवणानंतर तुझ्याशी भांडायला हवं होतं.

आणि दुसरं म्हणजे, तू ज्या घरात आता राहायला आला आहेस ना, 'वर कोणी नाही' म्हणणाऱ्यांच्या घरात, तिथे मी जुनी भाडेकरू आहे. सारा जन्म तिथे काढला. तू आत पाऊल टाकलंस, दार लावलंस, अंधारात मटकन खाली बसलास आणि आता सगळ्यांना कळवतोस की या घरात उजेडच नाही. बाळा, दिव्याचं बटण दाराच्या मागे आहे. पूर्वेची खिडकी जरा अडते, खालून ढकलावी लागते. तुला परत तुझ्या जुन्या घरी जायचं असेल तर जा, मी सामान बांधायला मदत करीन. राहायचं असेल तर राहा. पण हे घर रिकामं आहे असं मात्र म्हणू नकोस. माझ्या संसाराचा अपमान होतो.

तुला लाँड्रीवरच्या त्या दोन खोल्या आठवतात का? तुला कशा आठवतील, तू तेव्हा एवढासा होतास आणि बोलत नव्हतास. तुझ्याएवढी पोरं घर डोक्यावर घ्यायची, आणि तू आपला कोपऱ्यात बसून टकामका बघायचास. येणारा-जाणारा म्हणायचा, 'घुम्या आहे हो तुमचा.' ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आई काळजीने अर्धी झाली होती. आणि एके दुपारी मी शाळेतून आले तर तू जमिनीला कान लावून पालथा पडलेला. मला वाटलं, झालं, पोराला फेफरं आलं. जवळ गेले तर तू 'ऊं' असा एक सूर धरून बसला होतास. खाली लाँड्रीतलं कपडे वाळवायचं मोठं पिंप फिरत होतं, त्याची घरघर फरशीतून वर येत होती, आणि तुझा सूर त्या घरघरीत असा काही मिसळला होता की पिंप कुठलं आणि पोर कुठलं कळेना. पिंप थांबलं, तू थांबलास. पिंप पुन्हा सुरू झालं, तू पुन्हा सुरू. मी आईला ओढत आणलं. तिने हात जोडले, म्हणाली, 'देवाची कृपा.' मी म्हटलं, 'लाँड्रीवाल्याची कृपा.' तिने हसता हसता माझ्या पाठीत धपाटा घातला. आपल्या घरातलं ते भांडण तिथून सुरू झालं. पण तू एक लक्षात घे, घुम्या. तेव्हा तुला देव हा शब्दही येत नव्हता. तू कुणाला गात होतास?

मग मी शाळा सोडून चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात लागले. दिवसभर काच साच्याला चिकटवायची आणि लाल पावडरीच्या पाण्यात घासत बसायचं. संध्याकाळी हात असे लाल की शेजारणीला वाटायचं, मी कुणाचा तरी मुडदा पाडून आले. तिथल्या मालकाने बाद ठरलेली दोन जाड भिंगं मला घरी नेऊ दिली. मी ती पत्र्याच्या नळीत एकापुढे एक बसवली, आणि त्या दिवसापासून माझं डोकं फिरलं ते आजतागायत. मीठ पाहिलं, साखर पाहिली, माशीचा पाय पाहिला, आईचं केसांचं गुंतवळ पाहिलं. गच्चीवरच्या बादलीतल्या शिळ्या पाण्याचा थेंब काचेवर घेतला, तर त्यात मोहरीपेक्षा लहान एक जीव, आणि त्याच्या आरपार दिसणाऱ्या अंगात त्याचं काळीज धडधडत होतं. मी तुला बोलावलं. तू डोळा लावलास आणि तुझं तोंड उघडलं ते मिटेचना. 'ताई, हे देवाने केलं?' मी म्हटलं, 'कुणी नाही केलं रे, आपोआप झालं.' तू म्हणालास, 'आपोआप असं कसं होईल?' मी म्हटलं, 'तेच तर ना! तेच तर!' आणि मग आपण एकाच नळीसाठी झोंबाझोंबी केली. मला त्या दिवसाचं भांडण आठवत नाही इतकं आपलं दोघांचं उघडं तोंड आठवतं. अगदी सारखं होतं ते. आरशात बघावं तसं.

पुढे मी वाचनालयातून रद्दीत काढलेले विश्वकोशाचे सुटे खंड घरी आणले. सगळे नव्हते, मधले बरेच गहाळ. म्हणून माझ्या ज्ञानाला भोकं आहेत; ज्या अक्षरांचे खंड मिळाले नाहीत त्या गोष्टींबद्दल मी जन्मभर नम्र राहिले आणि बाकीच्यांबद्दल जगाचं डोकं खाल्लं. तुला आठवतंय, तू बस डेपोत नवा मेकॅनिक होतास आणि मी तुला डब्याबरोबर गोगलगाईच्या दातांची माहिती लिहून पाठवली होती? तुझ्या सोबत्यांनी ती चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि महिनाभर तुला 'गोगलगाय' म्हटलं. त्यांना गोगलगाईला हजारो दात असतात हे तरी कळलं.

आता तुला न सांगितलेलं एक सांगते. तू प्रार्थनाघरात गायला लागलास, पुढे तिथला मुख्य गाणारा झालास, आणि दर आठवड्याला मला म्हणायचास, 'ताई, एकदा तरी आत ये, देवासाठी नको, माझ्यासाठी ये.' मी नाक मुरडायचे. म्हणायचे, 'तिथे बसून मान डोलवली तर खोटं होईल, आणि नाही डोलवली तर तुझा अपमान होईल.' ते खरंच होतं. म्हणून मी आत आले नाही. मी मागच्या जिन्यात बसायचे. पाण्याच्या टाकीकडे जाणारा तो दगडी जिना आहे ना, त्याच्या मधल्या वळणावर. भिंतीत वर झरोका आहे, त्यातून तुझा आवाज सरळ खाली उतरतो. आत बसणाऱ्यांनाही इतका छान ऐकू येत नसेल. तू गायला लागल्यापासून मी फारच थोडे आठवडे चुकवले असतील, तेही तापाबिपाने.

याच्यातून एक भलताच घोटाळा झाला. किल्लीवाले काका, जे ते प्रार्थनाघर उघडतात आणि बंद करतात, त्यांनी मला तिथे दर आठवड्याला बसलेली पाहिली आणि आपल्या मनाशी ठरवून टाकलं की ही बाई इतकी भाविक, इतकी भाविक, की स्वतःला आत पाऊल टाकायला पात्र समजत नाही. मी एकदा त्यांना स्पष्ट सांगितलं, 'काका, माझा विश्वास नाही यावर.' ते डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, 'बघा, केवढी ही विनम्रता!' आता याला काय करणार? मी हात टेकले. ते जिना झाडून ठेवायला लागले. मग एक-दोन बायका जाता-येता माझ्या खांद्याला हात लावून पुढे जायला लागल्या. एकीने तर तिचं रडकं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं, म्हणे तुमच्याजवळ शांत होईल. झालंही मेलं. त्या सबंध इमारतीतली एकुलती एक नास्तिक बाई, आणि सगळ्यांत जास्त मान तिला!

नर्सबाईला मात्र हे ठाऊक होतं. ती एकदा रात्रपाळी उरकून सकाळी तशीच तुझं गाणं ऐकायला आली, पुढच्या दाराने उशिरा शिरायला लाजली आणि मागच्या जिन्याने वर चढली, तर मी! मला वाटलं, आता ही घरी जाऊन ढोल पिटणार. पण ती माझ्या शेजारी बसली, चपला काढल्या, सुजलेले पाय थंड दगडावर ठेवले आणि भिंतीला डोकं टेकलं. पुढच्या आठवड्यात जिन्यावर एक उशी आली. 'ताई, दगडावर बसू नका, कंबर धरेल. मग मला तुमच्या कमरेचंही बघावं लागेल.' कधीकधी आम्ही दोघी असायचो तिथे. मी एकदा तिला विचारलं, 'अगं, तू नक्की कुठल्या बाजूची? त्याच्या की माझ्या?' म्हणाली, 'मला कुठे वेळ आहे ठरवायला? मी पेशंटचा हात धरते. तो वर बघत असला तर मीही वर बघते. तुमच्यासारखा खिडकीतून झाड बघत असला तर मीही झाड बघते.'

मी त्या जिन्यात नुसती बसायचे नाही. माझी नळी माझ्या पिशवीत असायची. त्या वळणावर भिंतीला शेवाळ आहे, उन्हाळ्यात वाळून काळं पडतं, हात लावला तर चहाच्या चोथ्यासारखं चुरचुरतं. बघणाऱ्याला वाटावं, मेलं. मी पाण्याच्या बाटलीतलं झाकणभर पाणी त्याच्यावर सोडायचे आणि नळीतून बघत बसायचे. आधी काही होत नाही. मग एक पान, केसाएवढं, जरासं हलतं. मग शेजारचं. मग ती सगळी मुडपलेली पानं एकेक करून पाठ सरळ करतात, बाहेर वळतात, आणि काळ्याचं हिरवं होतं, आपल्यादेखत, आपल्या डोळ्यांसमोर. एखाद्या गावाने झोपेतून उठावं तसं. आणि त्याच वेळी वरून तुझा सूर येत असायचा. तो तुझा संथ चढणारा, ज्यात तू घाई करत नाहीस, जिथे ऐकणाऱ्याला वाटतं की आता श्वास संपणार आणि तो संपत नाही. मला नीट माहीत आहे की शेवाळ पाण्याने उघडतं. शेवाळाला कान नसतात. कुणी येऊन मला म्हणालं असतं की गाण्याने उघडलं, तर मी त्याला तिथल्या तिथे उभा-आडवा घेतला असता. पण घुम्या, ती पानं आणि तो सूर एकत्र चालले होते, आणि मधे मी होते, एका डोळ्याने इकडे, दोन्ही कानांनी तिकडे, आणि माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं. कुणाचे आभार मानावेत ते मला कळत नव्हतं, आणि त्याने काही अडतही नव्हतं. आभार कुणाचेच नसले तरी मन भरून येतं. माझ्या घराची ही पूर्वेची खिडकी. मी आजवर कुणाला उघडून दाखवली नव्हती.

आता तू विचारतोस, गायचं कुणासाठी. शेवटच्या त्या आजारात तू रोज संध्याकाळी नर्सबाईच्या उशाशी बसून गायचास. तू डोळे मिटून गायचास, म्हणून तुला दिसलं नाही. मला सगळं दिसेल अशी मी बसले होते, पलंगाच्या पायाशी. तू गाऊन उठलास, औषध आणायला गेलास, की ती मला म्हणायची, 'ताई, यांना वाटतं हे देवाला चाललंय. निघतं त्याच्या नावाने, पण उतरतं माझ्याच पत्त्यावर.' आणि हसायची. दुखणं तिला चांगलं कळत होतं. आपण काय मागतोय आणि काय मिळणार नाही हे तिला तुझ्याआधी ठाऊक होतं. तू तिला वाचवण्यासाठी गात होतास. ते झालं नाही, आणि तुला वाटलं, गाणं वाया गेलं. अरे, ती रोज दुपारपासून घड्याळाकडे बघायची. तिच्या बोटांची थरथर तुझ्या दुसऱ्या कडव्याला थांबायची. मी पाहिलंय. एका माणसाला रोज संध्याकाळपर्यंत पोचवायचं, याहून गाण्याने आणखी काय करावं असं तुझं म्हणणं आहे?

तू गाणं सोडून मुलाकडे राहायला गेल्यापासून प्रार्थनाघरातलं गाणं ऐकवत नाही. चारजण चार दिशांना जातात आणि शेवटी एकमेकांना शोधत येतात. मागच्या पंधरवड्यात किल्लीवाले काका माझ्या घरी आले. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले आणि म्हणाले, 'बाई, तुम्ही सांगितलंत तर ते ऐकतील. तुमच्यासारख्या भक्ताचा शब्द ते मोडणार नाहीत.' मी म्हटलं, 'काका, त्याने माझाच शब्द मानला, तेच तर होऊन बसलंय.' त्यांना काही कळलं नाही. पण त्यांनी जाता जाता सांगितलं की जिना अजून झाडतात.

आता माझ्याकडची बातमी. माझी यंदा उद्यान खात्याशी जुंपली. घरामागच्या बागेत उन्हं तापायला लागली की रातकिडे सुरू होतात, आणि मी दर संध्याकाळी बाकावर बसून त्यांचं ऐकते, हे तुला ठाऊकच आहे. यंदा ते आलेच नाहीत. वाट पाहिली, मग मला पक्कं कळलं, या लोकांनी औषध फवारून सगळे मारले. मी कडक भाषेत तक्रार लिहिली. 'निरपराध कीटकांचा संहार' वगैरे. असं पत्र त्या खात्याला आजवर आलं नसेल. त्यांनी बागेच्या माळ्यालाच माझ्याकडे धाडला. मी त्याला दिवेलागणीला बाकापाशी नेलं आणि म्हटलं, 'घ्या, ऐका. आहे का एक तरी?' तो माझ्याकडे बघतच राहिला. 'आजी, मस्करी करता का गरिबाची? कान किटले माझे!' मला वाटलं, नोकरी वाचवायला खोटं बोलतोय. मी त्याला तसं तोंडावर सांगितलं. तेव्हा बिचाऱ्याने झोक्यावरच्या एका चिमुरडीला हाक मारली, 'बाळ, रातकिडे ओरडतात का गं?' तिने दोन्ही हात कानांवर ठेवले आणि मान जोरजोरात हलवली. होय, होय, होय.

मी बाकावर बसले. माळीही बसला. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग त्याने एक हात वर केला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, 'आजी, आता चाललंय.' हात खाली घेतला, 'आता थांबले.' पुन्हा वर, 'हे सुरू झाले, तळ्याकडून.' पार काळोख पडेस्तोवर तो मला हाताने रातकिडे दाखवत होता. माणसं काय काय करतात रे एकमेकांसाठी! मी त्याला गोगलगाईच्या दातांबद्दल सांगितलं. त्याला ते आधीच माहीत होतं.

तिथून मी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. पोरगीच आहे, पण समजावून सांगते. तिने मला कानाच्या आतलं चित्र दाखवलं. आत शंखासारखी एक वळलेली नळी, आणि तिच्यात रांगेने केस. आपल्या नळीतूनही दिसणार नाहीत इतके बारीक. दाराजवळचे केस वरचे, टोकदार आवाज पकडतात, आणि आत अगदी शेवटच्या वळणावरचे, खालचे. आवाज आत शिरला की ज्याचा तो केस हलतो, आणि आपण म्हणतो, 'अरे, हा आपला घुम्या.' तोंडात बोट घालून मी ते चित्र बघत राहिले. इतकी वर्षं मी जगभरात भिंग लावत फिरले आणि हे सगळं माझ्याच डोक्याच्या दोन्ही बाजूंना चाललं होतं! ती म्हणाली, 'आजी, मी वाईट बातमी देतेय आणि तुम्ही खूश काय होताय?' मी म्हटलं, 'बाळ, बातमी कळली मला. पण चित्र जरा वेळ राहू दे.'

तर बातमी अशी. दाराजवळचे केस गेले. बाकीचे एकामागून एक जाणार. माझ्या कानांना इतरांपेक्षा जरा घाई आहे, आणि एकदा गेलेले केस परत येत नाहीत. मशीन लावून बोलणं कळेल म्हणते, पण गाणं गाण्यासारखं लागेल असं वचन ती देत नाही. फोनवर मला आता तुमची वाक्यं अर्धीच कळतात, म्हणून मी 'बरं, बरं, ठेवते' म्हणून ठेवते आणि तू रागावतोस. हे सगळं पहिल्या ओळीत लिहिलं असतं, तर तू पुढचं न वाचता गाडीत बसला असतास आणि दयेपोटी गायला असतास. ते मला नको होतं. म्हणून आधी कारणं लिहिली. मी तिला विचारलं, 'सगळ्यांत शेवटी काय जाईल?' म्हणाली, 'खालचे आवाज, आजी. पुरुषाचा भरदार आवाज सर्वांत जास्त टिकेल.' अशी सोय कुणी केलेली नाही, घुम्या, आपोआप झाली आहे. पण झाली आहे, आणि ती वाया घालवायची नाही. तेव्हा ये. देवाला गा, नर्सबाईला गा, नाहीतर लाँड्रीतल्या पिंपाला गा, पण माझ्या घरात गा आणि मी ऐकेन इतक्या जवळून गा. दार वाजवत बसू नकोस, मला कळणार नाही; तुझ्याकडे किल्ली आहे, सरळ आत ये. मी बहुतेक ओट्यापाशी पाठमोरी उभी असेन. हाक मारू नकोस, खांद्याला हात लावू नकोस. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सूर लाव. मी वळले, तर समज, पोचला. नाही वळले, तर एक पाऊल पुढे ये आणि पुन्हा लाव.

तुझीच,
अजून भांडायला तयार असलेली,
ताई